जोमाकाका आणि मंडळी

दिवाळे गावच्या खाडीवर जोमाकाका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्यांच्यावर उपकार करत होतो, आणि त्यांनी माझा उद्धार केला.

झालं असं, की साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला रोज तासभर चालायला सांगितलं होतं. नवे पांढरे बूट घालून बेलापूरच्या आमच्या सोसायटीपासून दिवाळे गावाच्या जेट्टीपर्यंत जाऊन यायचं, असं मी ठरवलं. मी मूळचा साताऱ्याकडचा. पाणी म्हटलं की मला विहीर आणि पाट एवढंच ठाऊक. जेट्टीच्या उजव्या अंगाला खाडीचा एक चिंचोळा फाटा तिवरांच्या झाडीत शिरतो. त्या फाट्यात एक सडपातळ म्हातारा मांडीभर पाण्यात उभा होता. कमरेला कोळ्यांचा तिकोनी रुमाल, डोक्याला टॉवेल आणि खांद्यावर हाताने फेकायचं गोल जाळं. त्याला तिकडे 'पाग' म्हणतात. म्हाताऱ्याच्या अवतीभवती पक्ष्यांचा नुसता सुळसुळाट होता. खोल पाण्याच्या बाजूला काळे पाणकावळे बुड्या मारत होते, काठाच्या उथळ पाण्यात पांढरे बगळे चोची रोखून उभे होते. बिचाऱ्या गरीब म्हाताऱ्याच्या तोंडचा घास हे चोरटे पळवताहेत, हे पाहून माझं मन कळवळलं. मी टाळ्या वाजवल्या, दोन दगड भिरकावले आणि "हट्! हट्!" करून सगळा गोतावळा उडवून लावला. मग आभाराची वाट पाहत उभा राहिलो.

म्हातारा सावकाश वळला.

"ए सफेद बुटा! तुज्या ऑफिसात शिरून मी कदी मानसं हाकलली काय?"

मी म्हटलं, "अहो, तुमचे मासे खात होते ते."

"माजे मासं? माज्या बापानं पेरलं व्हतं काय पान्यात?" एवढं बोलून त्यांनी पाग गुंडाळली आणि त्या दिवशीचं काम बंद केलं. माझ्यामुळे. पुढे दोन दिवस मी दुसऱ्या रस्त्याने चाललो. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही. विचारायला म्हणून गेलो, आणि मग पाच वर्षं जातच राहिलो.

जोमाकाकांचं म्हणणं असं, की ते मासे पकडतच नाहीत. मासे पकडते कंपनी, आणि ते त्या कंपनीत नोकरीला आहेत. भरतीचं पाणी फाट्यात शिरू लागलं की बोय मासळीचे थवे आत येतात. पाणकावळे तोंडाशी ओळ धरतात आणि बुड्या मारत मारत मासळी आत रेटतात. ती घाबरून उथळ पाण्याकडे पळते, तर तिथे बगळे रांगेत उभे. पिवळे पाय पाण्यात थरथरवून ते तिला मागे फिरवतात. मागे काळे, पुढे पांढरे, अशी कोंडी झाली की मधल्या पाण्याला नुसती उकळी फुटते. त्या उकळीवर जोमाकाका पाग टाकायचे. जाळ्यात सापडली ती त्यांची. जाळ्याच्या धाकाने जी बाहेर उधळली ती थेट काळ्यापांढऱ्यांच्या चोचीत.

"काले नसतील तं मासली आत येनार नाय. पांढरे नसतील तं ती तिवरांच्या मुलांत घुसंल, मंग देवाचा बाप आयला तरी हाताला लागनार नाय. आन मी नसलो तं यांना दिवसभर बुड्या माराव्या लागतील. सगल्यांचं पोट एकाच पान्यात, मंग भांडून कसं चाललं?"

वरच्या विजेच्या खांबावर एक घार बसलेली असायची. ती काही काम करत नसे, मात्र शेवटी खाली येऊन एक मासा उचलून न्यायची. तिचं काय काम, असं मी विचारलं. "ती इन्स्पेक्टर हाय," काका म्हणाले. "तिला नाय इचारायचं."

सगळ्या बगळ्यांत एक होता तो मुकादम. त्याच्या डाव्या पायाचं एक बोट वाकडं होतं, त्यामुळे तो जरा लंगडत चालायचा. पण तो जिथे उभा राही तिथून पुढे रांग लागायची. मुकादम आला नाही तर बाकीचे भलतीकडे पांगायचे. काका पाण्यात उतरले की पहिल्यांदा त्याच्याकडे बघून मान हलवायचे. त्यानेही मान हलवली असं काका छातीठोकपणे सांगत. मला ते कधी दिसलं नाही, पण मी साताऱ्याचा.

काकांच्या हातात घड्याळ कधी नव्हतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीला मी त्यांना सातच्या आरतीला बोलावलं, तर त्यांनी विचारलं, "सात म्हंजे पानी कितीवर?" मी काय सांगणार कपाळ! शेवटी ते साडेनऊला आले, तेव्हा प्रसाद संपला होता. "तुमच्या देवाची भरती लवकर आयली वाटतं," एवढंच म्हणाले आणि उरलेला कापूर लावून, हात जोडून गेले.

एकदा कुठल्याशा कॉलेजची चार मुलंमुली वह्या-कॅमेरे घेऊन पाहणीला आली. त्यांच्याजवळ छापील प्रश्न होते. एकीने विचारलं, "आजोबा, हे पक्षी तुमची रोज अंदाजे किती मासळी खातात?"

"मी त्यांची किती खातो त्ये इचार ना, बाय."

मुलगी गोंधळली. तिच्या कागदावर तशी चौकटच नव्हती. मग तिने त्यांना सांगितलं, की आमच्या पुस्तकात याला सहजीवन म्हणतात. काकांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "आमच्यात याला शेजार म्हनतात," ते म्हणाले. मग त्यांनी सगळ्यांना चिखलात उतरवलं आणि वर काढताना प्रत्येकाचा एकेक बूट आतच राहिला. त्या मुलीचा बूट काढायला काका स्वतः कोपरभर चिखलात हात घालून बसले होते.

असा हा माणूस सत्तरी ओलांडलेला. पूर्वी स्वतःची होडी होती. गुडघ्यांनी दगा दिला तशी ती विकली, आणि खोल पाणी सुटलं. उरला तो हा फाटा आणि ही मंडळी. त्यांची बायको हिराबाई जेट्टीच्या तोंडाशी पाटी घेऊन बसायच्या आणि काकांची मासळी विकायच्या. मुलगा रमेश कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात एका ट्रान्स्पोर्टवाल्याकडे होता. पोरगा चांगला, पण बापाच्या काळजीने बेजार. काका एकदा चिखलात घसरून पडले, तेव्हापासून त्याने धोशा लावला होता, की आमच्या ट्रकच्या यार्डात वॉचमनची जागा आहे, खुर्ची आहे, पंखा आहे, गुमान येऊन बसा. काका म्हणायचे, "ज्या दिवशी मंडली मना सोडतील त्या दिवशी येतो." मंडळी कधी सोडणार नाहीत, याची त्यांना खात्री होती. रमेशनेही बापाचा शब्द म्हणून तो मान्य केला होता.

आणि मग पितृपक्ष आला.

आमच्या सकाळच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपचे पुढारी दळवीसाहेब. हे मूळचे कोकणातले, सरकारी नोकरीतून निवृत्त, स्वभावाने लोण्यासारखे आणि आवाजाने लाऊडस्पीकरसारखे. त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. टॉवरांच्या गच्चीवर कावळा काही येईना, म्हणून सर्वपित्रीला ते घास घेऊन जेट्टीवर आले. भात, वडे आणि वडिलांना आवडायचा तळलेला मासा. कावळे लांब तारेवर बसून राहिले. दळवींनी वडिलांना नाना आश्वासनं दिली. गावच्या घराची कौलं बदलीन म्हणाले, धाकट्याशी बोलायला लागेन म्हणाले. कावळे ढिम्म. आणि तेवढ्यात एक बगळा लंगडत लंगडत आला, त्याने मान तिरकी करून दळवींकडे पाहिलं आणि मासा गिळून टाकला.

दळवी ढसाढसा रडले. "बाबा!" म्हणाले. "आमचे बाबा डाव्या पायाने असेच चालायचे, जाधव!"

तो बगळा म्हणजे जोमाकाकांचा मुकादम होता, हे मी ओळखलं होतं. पण एक दिवसाचा प्रश्न आहे, असं म्हणून गप्प बसलो. इथे माझं चुकलं.

दुसऱ्या दिवशी दळवी पुन्हा हजर. हिराबाईंच्या पाटीतून मांदेली घ्यायची आणि जेट्टीच्या कठड्यावर ओळीने मांडायची. मुकादम आला. त्याच्या मागोमाग, सवयीप्रमाणे, बाकीची रांगही आली. मग ग्रुपमधल्या बाकीच्यांना आपापले पूर्वज सापडायला वेळ लागला नाही. एकाला काका सापडला, एकाला आत्या. देशपांडेबाईंना तिसऱ्या बगळ्यात आपली सासू दिसली. सासूने जन्मात मासळीला हात लावला नव्हता. पण "आता योनी बदलली, आहारही बदलणारच," असं म्हणून बाई घरून स्वयंपाकाचा चिमटा आणायच्या आणि चिमट्यात मांदेली धरून, तोंड दुसरीकडे करून सासूला भरवायच्या. सासूही चिमट्यावर चोच मारायची. "स्वभाव तोच आहे," असं बाई म्हणायच्या.

दसरा उलटेपर्यंत फाट्यातले सगळे बगळे जेट्टीवर पेन्शनीत निघाले होते.

जोमाकाका पाण्यात एकटे उभे राहू लागले. सुरुवातीला पाणकावळे आले. त्यांनी मासळी आत रेटली, पण समोर अडवायला पांढरे नाहीत. मासळी सरळ तिवरांच्या मुळांत. पाणकावळ्यांनाही काही मिळेना, तसे चार-सहा दिवसांत तेही दुसरीकडे गेले. मग नुसतं पाणी यायचं आणि जायचं. घारसुद्धा खांबावरून दिसेनाशी झाली. काका रोज भरतीला उतरायचे, उभे राहायचे आणि कोरडी पाग घेऊन परत यायचे.

घरातही भडका उडाला. काकांच्या मासळीऐवजी हिराबाई आता होडीवाल्यांकडून मांदेली घेत होत्या, आणि ती दळवींनाच विकत होत्या.

"माज्याच घरान फितुरी!" काका ओरडले.

"गिऱ्हाईक दारात आयल्यावर काय हाकलू?" हिराबाई पाटीवरची माशी हाकत म्हणाल्या. "तुमचे बगले आयतं खातान त्याला मी काय करू? तुमी पन या, तुमाला पन एक मांदेली टाकते."

एका संध्याकाळी काका आमच्या घरी आले. पाच वर्षांत पहिल्यांदाच. सोफ्यावर बसले नाहीत, दाराजवळच्या स्टुलावर बसले. बायकोने चहा दिला तो तसाच निवत राहिला.

"रमेशनं ठरवलंय," ते म्हणाले. "दिवालीच्या आदी जायाचं कलंबोलीला. मी बोललो व्हतो ना, मंडली सोडतील तवा येतो. आता सोडलंच ना."

मी म्हटलं, "काका, मी दळवींना सांगतो. उद्याच सांगतो."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "काय सांगनार? बापाला घास देतंय ते. घास देनाऱ्याचा हात कसा धरू मी? उद्या माज्या पोराचा कुनी धरला तं?"

आणि गेले. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. सर्वपित्रीच्या दिवशी दोन शब्द बोललो असतो तर हे घडलं नसतं, हे मला रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी दळवींसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं आणि म्हणालो, "आज हवा छान आहे." माणूस वडिलांना मांदेली भरवतोय आणि तुम्ही त्याला म्हणायचं, की हा बगळा आहे आणि तो नोकरीला आहे? नाही जमलं मला.

शेवटी ते काकांनाच जमलं, आणि तेही भांडून नव्हे. त्या सकाळी पाणी यायला अवकाश होता. काका जेट्टीवर आले आणि कठड्याला टेकून दळवींच्या शेजारी उभे राहिले. मुकादम कठड्यावर बसून चोच पुसत होता. चांगलाच गलेलठ्ठ झाला होता.

"साहेब, बाबा काय काम करायचे तुमचे?"

"मिलमध्ये जॉबर होते," दळवी अभिमानाने म्हणाले. "शंभर कामगार हाताखाली. ते खात्यात शिरले की माणसं आपोआप रांगेत लागायची."

"म्हंजे मुकादमच."

"मुकादमच म्हणा. कधी रजा नाही, कधी खाडा नाही."

"मंग?"

"मग काय, मिल बंद पडली. आम्ही म्हटलं, बाबा, पुष्कळ केलंत, आता घरी बसून खा. गॅलरीत खुर्ची टाकून दिली, सगळं हातात आणून द्यायचो. पण त्यांना ते काही..." दळवींचा लाऊडस्पीकर एकदम बारीक झाला. "वर्षभरात गेले. काही आजार नव्हता हो. डॉक्टरांना पण कळलं नाही."

काकांनी मुकादमाकडे नुसती मान केली.

"मंग परत कशाला बसवलंत घरी?"

दळवींनी त्या बगळ्याकडे पाहिलं. त्याचं सुटलेलं पोट पाहिलं. मग फाट्याकडे पाहिलं, तिथे एकही पक्षी नव्हता. हातातली मांदेलीची पिशवी त्यांनी हळूच हिराबाईंच्या पाटीत परत ठेवली. "बाबा, कामावर जा," एवढंच म्हणाले, आणि घराकडे वळले. चष्मा मात्र त्यांना वाटेत दोनदा पुसावा लागला.

त्याच दिवसापासून दळवींनी सगळ्या ग्रुपला मासळी भरवायची बंदी केली. देशपांडेबाई थोड्या नाराज झाल्या. सासूशी त्यांचं नुकतंच जमायला लागलं होतं.

पण बगळे लगेच परतले नाहीत. आयत्याची सवय मोडायला वेळ लागतो, हे काय मी सांगायला हवं? मी सरकारी नोकरीत होतो. ते कठड्यावर बसून राहायचे, चालणाऱ्यांकडे तक्रारीच्या नजरेने बघायचे. पाच दिवस गेले, आठ दिवस गेले. काका रोज पाण्यात. इकडे दिवाळी आठवड्यावर आली, आणि आमचीही गडबड सुरू होती. मुलाने कामोठ्याला मोठा फ्लॅट घेतला होता आणि पाडव्याला आम्ही तिकडे राहायला जाणार होतो. खाडीवरचे माझे शेवटचे दिवस चालले होते.

वसुबारसेच्या सकाळी मी गेलो तेव्हा रमेशची मोटारसायकल जेट्टीवर उभी होती. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीतला कोरा करकरीत खाकी शर्ट होता. "आज दहाला हजर करतो म्हणून शेठला शब्द दिलाय, काका," तो मला म्हणाला. "बाबा बोलले, आजची भरती बघतो नि येतो. मला पण बरं नाय वाटत. पण काय करू? रिकामे उभे ऱ्हातात तासभर, पडले-बिडले तर?" दळवीही आले होते. हिराबाई पाटी सोडून उठून उभ्या होत्या, आणि त्यांना गिऱ्हाईक सोडून उभं राहिलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

काका फाट्यात मांडीभर पाण्यात होते. पाणी चढत होतं. कमरेपर्यंत आलं तेव्हा रमेशने हाक मारायला तोंड उघडलं, आणि दळवींनी त्याचा दंड धरला.

मुकादम कठड्यावरून उतरला होता. चिखलातून लंगडत, पोट सांभाळत तो काठाकाठाने गेला आणि आपल्या जुन्या जागी जाऊन उभा राहिला. मग दुसरा गेला. मग एकदम पाच-सहा. पांढरी रांग लागली. काका हलले नाहीत, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. बराच वेळ तसाच गेला. मग फाट्याच्या तोंडाशी एक काळं डोकं वर आलं, बुडालं, आणि त्याच्या मागे आणखी चार. मधलं पाणी थरथरलं आणि बघता बघता उकळायला लागलं.

"टाका, काका!" मी ओरडलो. दळवी ओरडले, "टाका!" रमेश तर सगळ्यात जोरात ओरडला, "बाबा, टाका ना!"

काकांनी पाग टाकली नाही. ती खांद्यावर तशीच ठेवून ते उभे राहिले आणि बघत राहिले. भोवताली पांढरे टिपत होते, काळे गिळत होते, मासळी त्यांच्या पायांवर आपटत होती. पाणी शांत झालं तेव्हा ते वळून काठाला आले. डोळे ओले होते, आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"टाकली का नाही?" रमेशने विचारलं.

"रुसलेलं मानूस घरी आयलं तं पयल्याच दिवशी त्याला कामाला लावतान काय?" काका म्हणाले. "जेवू दे त्यांना. उद्या हाय ना भरती."

मग त्यांनी रमेशच्या हातातली पिशवी घेतली, आतला शर्ट काढला, झटकून उलगडला आणि त्याने आधी तोंड पुसलं, मग हात, मग एकेक पाय वर करून चिखलाचे दोन्ही पाय स्वच्छ पुसले.